दांडेकरांची सरासरी आणि आपलं शिवार

बालाघाटी (धागाकर्ता)

उन्हाळ्यात आमच्या गावात पीकविम्याचे मेसेज आले. आमच्या महसुली मंडळात (काही गावांचा गट, विमा त्यावरच मोजतात) सगळ्यांना हेक्टरी एकाच दराने पैसे, ओढ्यापलीकडच्या मंडळात शून्य. ओढा म्हणजे काय, पायताण हातात घेऊन ओलांडता येतो एवढा. दोन्ही काठांना आमच्याच भावकीची रानं. पारावर बसलेले चुलते म्हणाले, "हे मंडळाचं खूळ काढलं कुणी रे?" मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी नाव सांगितलं, वि. म. दांडेकर. "कुठला म्हणायचा?" जन्म साताऱ्याचा, हयात पुण्यात गेली. "मग बरोबर हाय," म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

तेव्हापासून हा धागा डोक्यात होता. आज कॉलेजला सुट्टी आहे आणि बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही, म्हणून लिहून टाकतो.

रेशनकार्डामागची दारिद्र्यरेषा, पुढाऱ्याच्या भाषणातला अनुशेष (मागं राहिलेल्या भागाची विकासातली तूट) आणि विम्याचं मंडळ, या तिन्हींचा माग काढत गेलं की आपण एकाच माणसाच्या टेबलापाशी जाऊन पोचतो. विनायक महादेव दांडेकर, जन्म ६ जुलै १९२०, मृत्यू ३० जुलै १९९५. कोलकात्याला संख्याशास्त्र शिकले आणि पुण्याच्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांच्या हाताखाली कामाला लागले. १९६६ ला गाडगीळांनंतर संचालक झाले, ते १९८० पर्यंत. मूळचा गडी आकडेवाला, हे लक्षात ठेवा. अर्थशास्त्रात ते पाहणीच्या दाराने शिरले. १९४८ च्या मुंबई कूळकायद्याचं प्रत्यक्षात काय झालं हे त्यांनी आणि खुदानपूर यांनी गावोगाव तपासलं. कुळांनी 'स्वखुशीने' जमिनी सोडल्याच्या नोंदी कशा झाल्या ते १९५७ च्या त्या अहवालात आहे. (आपल्याकडे निजामी मुलखामुळे १९५० चा हैदराबादचा वेगळा कायदा होता. पण ती 'स्वखुशी' आपल्या आजोबांनीही पाहिलेली आहे.)

मग १९७१. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या जानेवारीतल्या लागोपाठ दोन अंकांत नीलकंठ रथ आणि दांडेकरांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास आला. माणसाला दिवसाला २,२५० कॅलरी मिळायच्या तर खर्च किती करावा लागतो? १९६०-६१ च्या किमतींनी गावात माणशी महिन्याला १५ रुपये, शहरात साडेबावीस. एवढंही खर्च न करू शकणारे गावात सुमारे ४० टक्के आणि शहरात सुमारे ५० टक्के निघाले. गरिबीवर त्याआधी भाषणं होतीच. या दोघांनी ती वजनकाट्यावर ठेवली.

मला बोलायचंय ते पुढचं. तिन्ही कामांत दांडेकरांनी एकच गोष्ट केली. मोजायचं एकक कोणतं ते ठरवलं आणि त्याची सरासरी काढली. गरिबी मोजताना माणूस, अनुशेष मोजताना जिल्हा, विमा मोजताना सारख्या हवामानाचा टापू. अनुशेषात सरासरीनं आपल्याला हक्क मिळवून दिला. विम्यात तीच सरासरी आपल्या उरावर बसली, असं गाव म्हणतं. मला स्वतःला दांडेकर विम्यातही बरोबर वाटतात. या, भांडा.

मन्याड

सर, परीक्षेच्या दृष्टीने : दांडेकर-रथ २,२५० कॅलरी. पुढच्या दारिद्र्यरेषा : अलघ कृती गट १९७९, ग्रामीण २,४०० आणि शहरी २,१०० कॅलरी. लकडावाला गट १९९३. दांडेकर समिती १९८४, अनुशेष. राज्यसेवेला हमखास. बाकी गावाची गोष्ट विचारत नाहीत.

तेरणाकाठची

मन्याड, गावाची गोष्ट विचारत नाहीत म्हणून तर सांगते.

बहात्तरच्या दुष्काळात माझी आई तेरा वर्षांची होती. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, आज्जीसोबत. मुकादम ब्रासच्या मापाने ढीग मोजायचा आणि माप नेहमी खालून भरायचा, म्हणजे ढीग तेवढाच पण आकडा कमी. हाताला चिंध्या गुंडाळायच्या, तरी कपरी डोळ्यात जायच्या. दुपारी सुकडी मिळायची. अमेरिकेची ती लाल मिलो ज्वारी आई आजही आठवून तोंड वाकडं करते. भाकरी थापताना चिरायची आणि दुसऱ्या दिवशी कुत्रंसुद्धा खायचं नाही, म्हणते. पण जगलो, हेही लगेच म्हणते. आमच्या गावचा पाझर तलाव त्याच वर्षीचा. अजूनही त्याला 'बहात्तरचं तळं' म्हणतात आणि त्याच्या खालच्या दोन विहिरींना मार्चपर्यंत पाणी असतं.

मी एमए करताना दांडेकर-रथ यांचा तो लेख झेरॉक्स काढून वाचला. त्यात उपाय सांगितलाय : सगळ्यांना पुरेल एवढी जमीन वाटायला नाहीच, तेव्हा ज्याला काम हवं त्याला सार्वजनिक कामावर मजुरी द्या आणि त्याचा खर्च वरच्या थरातल्या लोकांकडून काढा. वर्षभरात महाराष्ट्रात रोजगार हमी आली. वाचताना मला आईचे हात दिसत होते. बाकीच्या वर्गाला तो प्रश्नपत्रिकेतला आठ गुणांचा प्रश्न होता.

कोथरूडचा_जावई

सासुरवाडी परभणी, म्हणून बोलायचा अधिकार आहे असं समजतो.

ताई, एक दुरुस्ती. रोजगार हमीचं श्रेय दांडेकरांच्या पदरात टाकू नका. ती वि. स. पागे यांची. विधान परिषदेचे सभापती होते ते. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात १९६९ च्या सुमारास त्यांनी प्रयोग सुरू केला होता, म्हणजे तो लेख छापून येण्याच्या आधी. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर पसरली. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. दांडेकरांनी पुढं माधव साठे यांच्याबरोबर या योजनेची तपासणी केली, १९८० ला. त्यांची भूमिका तपासनिसाची होती.

आणि खर्च वरच्यांकडून काढायचं म्हणालात, तर आपल्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात ना, तो व्यवसाय कर. १९७५ ला तो रोजगार हमीसाठी म्हणून लागू झाला. आमच्या ऑफिसातली पोरं 'हा कसला कर' म्हणून दरवर्षी विचारतात. मी सांगतो, बीड-परभणीच्या तळ्यांचा. कुणी ऐकून घेत नाही.

जाता जाता : कॅलरीवरून दांडेकरांचं सर्वांत कडाक्याचं भांडण झालं ते पां. वा. सुखात्मे यांच्याशी. सुखात्मे म्हणायचे, एकाच निरोगी माणसाची भूक रोज कमीजास्त होते, शरीर त्याच्याशी जुळवून घेतं. तेव्हा सरासरी गरजेच्या खाली दिसणारा प्रत्येक जण उपाशीच धरला तर उपाशांचा आकडा फुगतो. दांडेकरांना हे अजिबात मान्य नव्हतं. दोघंही संख्याशास्त्रातले, दोघंही पुण्यात आणि गंमत म्हणजे दोघंही सातारा जिल्ह्यातले. सुखात्म्यांचं गाव बुध.

तेरणाकाठची

पागे यांच्याबद्दल मान्य. माझी चूक. शरीर जुळवून घेतं, हे मात्र आईला विचारून सांगते.

गोदापात्र

पाटबंधाऱ्यात ३१ वर्षं काढली, शाखा अभियंता म्हणून निवृत्त. अनुशेष हा शब्द मी जितक्या फायलींवर लिहिला तितक्या वेळा रामनाम घेतलं असतं तर एव्हाना वैकुंठात असतो. जरा सविस्तर लिहितो.

१९८३ ला वसंतदादांच्या सरकारनं दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. अहवाल एप्रिल १९८४. पद्धत साधी : रस्ते, सिंचन, गावांचं विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, शहरी पाणीपुरवठा, भूविकास, पशुवैद्यकीय सेवा अशी नऊ क्षेत्रं घेतली. प्रत्येकात राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याला सरासरीपर्यंत आणायला किती पैसा लागेल तो त्याचा अनुशेष. जो वर आहे त्याचं काढून घ्यायचं नाही. एकूण बेरीज ३,१८६.७८ कोटी. त्यात विदर्भ १,२४६.५५, मराठवाडा ७५०.८५ आणि उर्वरित महाराष्ट्र १,१८९.३८.

या शेवटच्या आकड्यावर लोक खवळले. वाटणीचं भांडण दोघा धाकट्यांचं, म्हणून पंच बोलावले आणि पंचांनी थोरल्यालाही वाटेकरी केलं. पण जिल्हा हे एकक घेतलं की असंच होणार. कोकणातला, साताऱ्याकडचा मागं राहिलेला जिल्हाही त्यात येणारच. नोकरीत असताना मला याचा राग होता. आता तेवढा नाही. दुष्काळी माणदेशचा माणूस काय आपला वैरी आहे?

माझा आक्षेप दुसरा आहे. समितीनं सिंचन मोजलं ते निर्माण झालेल्या क्षमतेवर. वेगवेगळी पिकं एका मापात आणायला रब्बी ज्वारीचं समतुल्य क्षेत्र धरलं. वा! मालदांडीच्या मुलखाला याहून मोठा मान कोणता! पण क्षमता म्हणजे पाणी नव्हे. धरण बांधलं, कालवा खोदला, चाऱ्या काढल्या, की कागदावर एवढे हजार हेक्टर क्षमता निर्माण. मी ज्या कालव्यावर होतो (नाव घेत नाही, माझे जोडीदार अजून नोकरीत आहेत) त्याच्या टेलला (शेवटच्या टोकाला) माझ्या काळात सलग दोन आवर्तनं पाणी पोचल्याचं मला आठवत नाही. वरच्या अंगाला ऊस. मोटारी थेट कालव्यात. टेलचा शेतकरी माझ्या दारात येऊन बसायचा आणि मी त्याला 'तुमचं क्षेत्र लाभक्षेत्रात आहे' असं छापील उत्तर द्यायचो. अनुशेषाच्या तक्त्यात त्याचं रान भिजलेलं होतं.

म्हणजे सरासरीनं कमी भरलं म्हणून पैसा आला, पैशानं क्षमता झाली, क्षमतेनं अनुशेष कमी दिसला आणि रान कोरडंच. यात चूक दांडेकरांची म्हणू की आमची? मोजणाऱ्यानं जे मोजता येतं ते मोजलं. आम्ही मग तेवढंच बांधलं.

मन्याड

काका, मग अनुशेष संपला का वाढला? क्लासमध्ये दोन्ही शिकवतात.

गोदापात्र

दोन्ही खरं आहे, हेच तर. १९८५ पासून खास तरतूद सुरू झाली. दांडेकरांनी तर योजनेतला ८५ टक्के पैसा अनुशेषाला द्या म्हणून सांगितलं होतं. तेवढं मनावर कुणी घेतलं नाही. पुढं १९९५ ला निर्देशांक व अनुशेष समिती बसली. तिनं १९९४ ची स्थिती धरून पुन्हा मोजलं तर बेरीज १४,००६.७७ कोटी आणि मराठवाड्याच्या वाट्याला ४,००४.५५ कोटी. आपण पायऱ्या चढत होतो आणि जिना सरकता होता. सरासरी काही जागेवर बसून राहत नाही, पुढचे पुढं गेले की तीही पुढं जाते. शिवाय सिमेंट-लोखंडाचे भाव. २०१३ ला केळकर समितीचा अहवाल आला, त्यांनी अनुशेषाच्या या हिशेबापलीकडं जाऊन बघितलं, पाण्याच्या वाटपाचं वेगळं बोलले. तोवर मी निवृत्त.

रझा_सायब

आमचे वालिद सांगायचे, विदर्भानं करार करून महाराष्ट्रात संसार मांडला आणि मराठवाडा हुंडा न घेता बिनशर्त नांदायला आला. मग पासष्ट वर्षं माहेरचं काय काय राहिलं त्याची यादी करत बसलो.

कोथरूडचा_जावई

वाक्य झकास, पण १९५३ च्या नागपूर करारावर मराठवाड्यातल्या नेत्यांच्याही सह्या आहेत साहेब. आणि घटनेतलं कलम ३७१(२) विदर्भ-मराठवाडा दोघांनाही लागू आहे. त्याखालची वैधानिक विकास मंडळं यायला १९९४ उजाडलं आणि ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली, ही गोष्ट वेगळी.

रझा_सायब

सह्या केल्या असतील. वाचून केल्या का ते विचारा.

पैसेवारी४९

सर लोकांनो, तुम्ही लई वर गेलाव. जरा खाली या.

माझं पाच एकर रान नदीकडंला, गाळाचं. यंदाच्या सप्टेंबरात नदी रानात आली. सोयाबीन तर गेलंच, पण माती खरडून गेली. खाली मुरूम उघडा पडलाय, ढेकूळ म्हणून दिसत नाही. आमच्या मंडळात सतरा गावं. त्यातली चार नदीकाठी, बाकी सगळी माळावर. माळावर यंदा पाऊस चांगला झाला म्हणा, सोयाबीन कंबरेला लागतंय. आता कापणी प्रयोग (नमुन्याचा तुकडा कापून पीक मोजायचं) कुठं पडणार? माळावर. सरासरी काय निघणार? चांगली. मला काय मिळणार? घंटा.

एक रुपयात विमा होता तवा निदान ७२ तासात फोन करून तक्रार करायची सोय होती. फोन लागायचा नाही, लागला तर 'आपण रांगेत आहात', मग कंपनीचा पोरगा येऊन चार फोटो काढून चहा पिऊन जायचा, तरी काहीतरी पदरात पडायचं. एका वर्षी तर माझ्या नावापुढं तीन आकडी रक्कम आली. रुपये. तीन आकडी. त्याची प्रिंट काढून ठेवलीय देवघरात. २०२५ ला तेबी बंद केलं, निस्ता कापणी प्रयोग ठेवला. आन सर म्हणायलेत दांडेकर बरोबर होते.

सर, तुमच्या चुलत्याला माझा रामराम सांगा. त्यांनी बरोबर वळखलं.

बालाघाटी

रामराम पोचवतो. तुमचं रान खरडून गेलं हे वाचून वाईट वाटलं, त्यात वाद नाही. पण भांडायला बोलावलंय तर भांडतो.

आधी शेतनिहाय विमा करून बघितला होता, लक्षात घ्या. १९७२-७३ ला गुजरातमध्ये एच-४ कापसापासून सुरुवात केली, मग आणखी काही पिकं आणि राज्यं. शेत बघून, ज्याचं त्याचं नुकसान मोजून भरपाई. सहा-सात वर्षांत शेतकरी किती आले? ३,११०. सगळ्या देशात मिळून. हप्ता गोळा झाला ४ लाख ५४ हजार आणि भरपाई द्यावी लागली ३७ लाख ८८ हजार. दुकान बंद.

इथं दांडेकर आले. १९७६ च्या लेखात त्यांनी विचारलं, लाखो तुकडे असलेल्या देशात प्रत्येक बांधावर जाऊन नुकसान मोजणार कोण? आणि मोजणाऱ्याला चहा पाजणारा कोण? (दुसरं वाक्य माझं.) ज्याला विम्याचे पैसे मिळणार ते माहीत आहे तो फवारणी करील का? त्यांनी सुचवलं की माणसाचं शेत सोडा, टापू धरा. टापूचं सरासरी उत्पादन घटलं तर टापूतल्या सगळ्यांना एकाच प्रमाणात द्या. म्हणजे कुणी खोटं बोलून उपयोग नाही, आणि ज्यानं मेहनत करून शेजाऱ्यापेक्षा जास्त पिकवलं त्याचंही नुकसान नाही, त्याला पीकही मिळतं आणि भरपाईही. पीक कर्जाला ते जोडा म्हणाले. १९७९ पासून प्रायोगिक योजना त्यांच्या पद्धतीनं चालली : ६ लाख २७ हजार शेतकरी, हप्ता १९६.९५ लाख, भरपाई १५७.०५ लाख. टिकली. १९८५ ची सर्वंकष योजना, १९९९ ची राष्ट्रीय योजना, २०१६ ची पंतप्रधान योजना, सगळ्यांच्या पोटात हाच सांगाडा.

हिशेब असा : गेल्या सात वर्षांतली चांगली पाच घ्यायची, सरासरी काढायची, त्याला जोखीमस्तराने (ठरवून दिलेल्या टक्क्याने) गुणायचं. ते उंबरठा उत्पादन, त्याच्या खाली गेलं तरच भरपाई. समजा उंबरठा हेक्टरी १० क्विंटल निघाला आणि यंदाची मंडळाची सरासरी ७ आली, तर घट ३० टक्के, सगळ्यांना विमा रकमेच्या ३० टक्के. पण मराठवाड्यात सातापैकी चार वर्षं वाईटच असली तर 'चांगली पाच' कुठून आणायची? दोन वाईट वर्षं त्या पाचात घुसतात आणि उंबरठा जोत्यालाच टेकतो. इथं मी तुमच्या बाजूने आहे. दांडेकरांनी 'सारखा टापू' म्हटलं होतं. आपण महसुली मंडळ घेतलं. नदीकाठ आणि माळ एका मंडळात कोंबणं हे काही त्यांनी सांगितलं नव्हतं.

पैसेवारी४९

मंजी दवा बरोबर, पण शिशी बदलली. मेलेल्याला काय सर, दवा बदलली का शिशी.

देवणी_वळू

दांडेकरांचा गायीवरचा वाद कुणी काढला नाही अजून? १९६९ ला मार्विन हॅरिस या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाला त्यांनी धुतला होता. हॅरिस म्हणत होता, भारतीय माणूस गाय राखतो त्यात पक्का व्यवहार आहे, शेण, बैल, दूध सगळं हिशेबात बसतं. दांडेकर म्हणाले, चारा आहे तेवढ्यापेक्षा जनावरं जास्त आहेत आणि तुम्ही ज्याला व्यवहार म्हणता ती उपासमार आहे. चारा छावणीत रात्र काढलेल्या कुणालाही विचारा कोण बरोबर.

बालाघाटी

वळूशेठ, विषय मोठा आहे आणि तापतोही लवकर. वेगळा धागा काढा, मी येतो. इथं नको.

तेरणाकाठची

आईला विचारलं. शरीर जुळवून घेतं का म्हणून. ती म्हणाली, "घेतं की. बहात्तरनंतर मी कधी वाढलेच नाही." ती चार फूट आठ इंच आहे. मामा, जो नंतर जन्मला, पाच फूट सात. एका घरातली दोन माणसं आहेत, त्यावरून सिद्ध काही होत नाही हे मला कळतं. पण कोथरूडचे जावई, सुखात्म्यांच्या बाजूने तुम्ही लिहिणार असाल तर हे वाचून लिहा.

सरांच्या सरासरीबद्दल एक. रोजगार हमीत सरासरी नव्हतीच. जो येईल त्याला काम. कामावर येणं हीच कसोटी, कारण पोट भरलेला माणूस उन्हात खडी फोडायला येत नाही. कुणाच्या घरी जाऊन गरिबी मोजायची गरज पडली नाही. दारिद्र्यरेषेची यादी आली तेव्हा आमच्या गावात पहिलं नाव दुमजली घराचं होतं. मोजणारा माणूस आणि मोजलेला माणूस यांच्यामध्ये यादी आली की सरपंच आलाच.

गोदापात्र

ताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कालव्याच्या टेललाही अशीच कसोटी लावता आली असती. दाराशी येऊन बसणारे मोजायचे.

कोथरूडचा_जावई

सुखात्म्यांच्या बाजूने लिहिणार होतो. राहू दे.

पैसेवारी४९

सर, शुक्रवारी सकाळी आठला आमच्या मंडळातला एक कापणी प्रयोग आहे. नंबर लागला तो माळावरच्या गावात, म्या म्हणलं होतं तसं. कृषी सहायक वळखीचा हाय. येताव का बघायला? लातूर रोडनं या, फाट्यावर मी गाडी घेऊन थांबतो.

बालाघाटी

येतो.

बालाघाटी

(शनिवार) जाऊन आलो. वर्गात वीस वर्षं शिकवत होतो, प्रत्यक्ष पहिल्यांदा बघितलं.

मंडळात एका पिकाला किमान १० प्रयोग. गट नंबर चिठ्ठीनं ठरलेला, शेतात कुठल्या कोपऱ्यापासून किती पावलं चालायचं तेही आधीच ठरलेलं. कृषी सहायक, तलाठी, कंपनीचा एक पोरगा, कोतवाल, शेतमालक आणि बघे. दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा आखला, चारी कोपऱ्यांना खुंट्या, सुतळी ताणली. आतलं सोयाबीन कापलं, ताडपत्रीवर बडवलं, पाखडलं, वजन केलं. मोबाईलवर फोटो, सगळ्यांच्या सह्या. पंचांनी पाणी मागितलं. कुणी कुणाला चहा पाजला नाही, हे नमूद करतो. उन्हात दीड तास, काम चोख. दांडेकर असते तर खूश झाले असते, असं मला मनापासून वाटलं.

सुतळीच्या आत पीक खरोखर चांगलं होतं. मालकाचा चेहरा मात्र पडलेला. त्याचा चुलतभाऊ नदीकाठचा. वजन सांगितल्यावर मालक सहायकाला हळूच म्हणाला, "सायेब, दोन किलो कमी धरता येत नाहीत का, माझ्यासाठी नाही." सहायक म्हणाला, नाही येत. बरोबरच म्हणाला.

परत येताना पैसेवारी४९ भाऊंनी मला त्यांच्या रानात नेलं. मुरमावर उभं राहून मी पंधरा मिनिटं टापूचा सिद्धांत समजावून सांगितला, महसुली मंडळाऐवजी नदीकाठचा पट्टा वेगळा धरला तर काय होईल ते काडीनं मातीत आखून दाखवलं. माती नव्हतीच, मुरमात रेघ उमटत नव्हती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे तुम्ही एक अर्जात लिहून द्या. मी सह्या गोळा करतो. चार गावांच्या."

मसुदा लिहायला घेतलाय. गोदापात्र काका, नदीकाठच्या गटांचे नंबर आणि पूररेषेचा नकाशा मागायचा तर अर्ज नेमका कुणाच्या नावाने करायचा?

गोदापात्र

दोन अर्ज करा. नकाशासाठी एक कार्यकारी अभियंत्याला, गट नंबरांसाठी एक तहसीलदाराला, दोन्हीची पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. मसुदा मला पाठवा, त्यात 'लाभक्षेत्र' हा शब्द कुठं आला असेल तर मी खोडतो.